भूमिगतांच्या भाकऱ्या कोणी थापल्या?

महाराष्ट्र इतिहास शिकतो तो कादंबरीतून. माधवराव पेशवे म्हटलं की आपल्या घराघरांत जो तरुण, आजारी, तापट आणि रमाबाईंवर जीव टाकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, तो पेशवे दफ्तरातल्या रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या कागदांतून, आलेला नाही. १९६२ सालच्या 'स्वामी'तून आलेला आहे. ज्यांनी ती कादंबरी वाचलेली नाही त्यांच्याही डोळ्यांपुढे तोच येतो, कारण वाचलेल्यांनी त्यांना तो सांगितला. मालिका आणि सिनेमे पुढे याच वाटेनं आले.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात, माध्यमिक शाळेत, गेली तेवीस वर्षं इतिहास शिकवते. मुलं उत्तरपत्रिकेत कादंबरीतली नाहीतर मालिकेतली वाक्यं थेट 'महाराज म्हणाले' असं लिहून अवतरणचिन्हांत घालतात. सुरुवातीला बरीच वर्षं मी त्यावर लाल रेघ ओढत आले. मग एकदा एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग हे वाक्य महाराज म्हणाले नव्हते तर कोण म्हणालं?" ते वाक्य एका लेखकानं टेबलाशी बसून रचलं, रचलेलं असूनही ते वाचण्यासारखं असू शकतं, आणि तरी ते पुरावा नव्हे, या तिन्ही गोष्टी त्याला कोणी कधी सांगितल्याच नव्हत्या. त्याच्या वडिलांनाही नाहीत. लाल रेघेनं त्या कळणार नव्हत्या.

म्हणून 'इतिहासाच्या तासाला कादंबरी नको, सरमिसळ होते' असं जे सहकारी म्हणतात, त्यांना माझं सांगणं असतं की सरमिसळ कधीच होऊन गेली आहे, आणि ती आपल्या पाठीमागे, शाळेच्या बाहेर झाली आहे. आता ठरवायचं आहे ते एवढंच की शाळेत कोणाची कादंबरी आणायची आणि ती वाचायची कशी, हे मुलांना कोण शिकवणार. माझं मत स्पष्ट आहे. आठवी-नववीत इतिहासाच्या तासाला वर्षभरात एक अख्खी कादंबरी वाचावी. ती राजाची नसावी, रयतेची असावी. ती वाचताना एका हाताशी सरकारी कागद असावा आणि दुसऱ्या हाताशी घरातलं म्हातारं माणूस.

दहावीचं इतिहासाचं पुस्तक २०१८ साली बदललं. त्यात इतिहासलेखनाच्या परंपरांवर दोन धडे आहेत. 'वंचितांचा इतिहास' असा मथळा आहे, ग्राम्ची आहे, रणजित गुहा आहेत, महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' आहे. इतिहास समाजाच्या तळातल्या माणसांपासून लिहायला हवा, हा विचार त्या पुस्तकानं पंधरा वर्षांच्या मुलांपुढे ठेवला याचा मला मनापासून आनंद झाला होता. पण त्या विचाराचा नमुना पुस्तकात कुठंच नाही. व्याख्या आहे, वस्तू नाही. मुलं 'टीप लिहा' मध्ये व्याख्या बिनचूक लिहितात आणि गुण मिळवतात. ज्याचा आजा सालगडी म्हणून दुसऱ्याच्या रानात खपला, तो मुलगा 'तळाच्या स्तरातील लोक' हे शब्द घोकतो, आणि ते आपल्या आज्याबद्दल आहेत हे त्याच्या गावीही नसतं. हे बघताना माझ्या पोटात तुटतं.

२०१४ साली आठवीच्या वर्गात मी प्रतिसरकारचा, म्हणजे १९४२ नंतर साताऱ्याकडे इंग्रजांना डावलून लोकांनी चालवलेल्या सरकारचा, भाग शिकवत होते. पुस्तकात त्याला एका परिच्छेदाची जागा मिळाली आहे: क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, लोकन्यायालयं, व्यसनमुक्ती. आमच्या भागात हा परिच्छेद वाचून दाखवायचा म्हणजे घरातलीच गोष्ट परक्यानं सांगावी तसं होतं. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र, अण्णांचं वाळवा, बापूंचं कुंडल ही सगळी आमची शेजारची गावं. चळवळीच्या काळात सांगली जिल्हाच नव्हता, १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. गोष्ट घरातलीच, म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवून रंगवून सांगत होते. १९४२ च्या सप्टेंबरातले तासगावचे, वडूजचे, इस्लामपूरचे मोर्चे. वडूजचा आणि इस्लामपूरचा गोळीबार. मग उघड मोर्चे सोडून लोक भूमिगत कसे झाले. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी कशी अडवली. वर्ग कान देऊन ऐकत होता. मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे सगळे जेवायचे कुठं?"

मी म्हटलं, गावागावांत. ती म्हणाली, "म्हणजे कुणाच्या घरात? भाकरी कोण करायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. तोवर मी हा धडा बारा वेळा शिकवला होता.

मी तिला घरी विचारून यायला सांगितलं, कारण तिची पणजी हयात होती. दोन दिवसांनी ती वहीत लिहूनच घेऊन आली. पणजी तेव्हा नवी नवरी, पंधरा-सोळा वर्षांची. मानसं कोण ते ठावं नसायचं, नाव इचारायचं न्हाय अशी ताकीद. सासू सांजच्याला एवढंच म्हणायची, आज दहा भाकरी जास्तीच्या थाप. बुट्टीत खाली भाकऱ्या, वर शेणी रचायच्या, आणि शाळूच्या रानात बांधावर बुट्टी ठेवून मागं न बघता परत यायचं. मुलीनं पुढं स्वतःच्या मनानं एक प्रश्न विचारला होता, त्यासाठी मी तिला आजही मानते. तिनं विचारलं होतं, पीठ पुरायचं का? पणजी म्हणाली, "त्या दिशी आमी बायका निसतं ताक प्यून निजायचो."

युद्धाची महागाई होती, धान्याची टंचाई होती. अशा दिवसांत तीन-साडेतीन वर्षं शेकडो माणसं रानावनात जगली. ती कोणाच्या तरी ताटातलं खाऊन जगली. ते ताट कोणाचं, हे मला इतिहासाच्या दृष्टीनं शेणोलीच्या गाडीइतकंच महत्त्वाचं वाटतं. ते मुलांना शिकवायचं म्हटलं तर मी पुरावा म्हणून काय दाखवू?

कागद दाखवता येत नाहीत, कारण ज्यांच्या घरी लिहिणारा होता त्यांचेच कागद उरले. वाईला सापडलेल्या दफ्तरावरून इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्या खंडांबद्दल कृतज्ञता ठेवूनच म्हणते, की त्या रुमालांत पानिपतावर गेलेल्या सरदारांची पत्रं आहेत, त्यांच्या घोड्यांना दाणा घालणाऱ्याचं पत्र नाही. त्याला लिहिता येत नव्हतं. त्याच्या बायकोकडे दफ्तर ठेवायला वाडाही नव्हता. सामान्य माणूस कागदावर येतो तो बहुतेक वेळा तीनच ठिकाणी: सावकाराच्या वहीत, सारावसुलीच्या पत्रकात आणि पोलिसांच्या रजिस्टरात. तिन्ही ठिकाणी तो देणेकरी किंवा आरोपी असतो. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले, इंग्रज सरकारनं त्याची दखल घेतली, स्मारक उभं केलं. आकडा दगडावर राहिला. त्या ४६ घरांत दुसऱ्या वर्षी पेरणी कोणी केली, हे दगडाला सांगता येत नाही. अशा जागी कादंबरी लागते.

मी नववीच्या वर्गात 'फकिरा' वाचायला घेतली त्याला आता सात-आठ वर्षं झाली. निवड सोपी होती. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे; जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळेत ते दीड दिवस गेले असं सांगतात, आणि पुढे मुंबईला चालत गेले. १९५९ साली आलेली ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. फकिरा हा त्यांच्या नात्यातलाच माणूस. वाटेगाव, शिगाव ही गावं पुस्तकात नावानिशी येतात, आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची मामा-मावशीची घरं याच गावांत आहेत. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी, म्हणजे गावाला जत्रेचा मान देणारी वस्तू, आणायला जातो आणि मारला जातो, तो प्रसंग वाचताना शिगावकडची एक मुलगी अस्वस्थ होऊन म्हणाली, "पण आमच्या गावातली सगळी तशी नव्हती." इतिहासाच्या तासाला एखाद्या मुलानं आपल्या गावाची बाजू घेऊन भांडावं, हे मी आधी कधी बघितलं नव्हतं.

कादंबरीत हजेरी येते. मांगवाड्यातल्या पुरुषांनी रोज हजर राहून आपण गावात असल्याची नोंद द्यायची. गुन्हा केला म्हणून नाही, त्या जातीत जन्मले म्हणून. मी त्याच आठवड्यात गुन्हेगार जमातींचा कायदा शिकवला: १८७१ साली झाला, १९११ साली दुरुस्त होऊन आणखी पसरला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला. तारखा फळ्यावर लिहिल्या. एरवी या तीन तारखा मुलांच्या डोक्यात तीन दिवस टिकल्या नसत्या. फकिराच्या शेजारी त्या बसल्या तेव्हा एका मुलानं हिशेब केला: म्हणजे स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं होईपर्यंत हा कायदा चालूच होता? कायद्याच्या बाबतीत मला मुलांकडून जो प्रश्न हवा असतो, तो हाच.

इथं माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण उद्या कोणी हा प्रयोग केला तर ती त्यांच्याकडून होऊ नये. हजेरीचं पान मी वर्गातल्या सगळ्यात चांगलं वाचणाऱ्या मुलाला वाचायला दिलं. तो मातंग समाजातला होता. मी त्याला त्यासाठी निवडलं नव्हतं, पण वर्गाला तसं वाटलं, आणि त्यालाही. तो चौथ्या ओळीला थांबला आणि खाली बसला. पुढं मी वाचलं. त्या दिवशी घरी जाताना मला माझीच लाज वाटली. तेव्हापासून जातींची नावं उघड येणारी पानं मी स्वतः वाचते. पुस्तक सुरू करण्याआधी पालकांना बोलावून काय वाचणार आहोत आणि का, हे सांगते. आणि घरी विचारून येण्याचं काम कोणावरही सक्तीचं नसतं. ज्याला गप्प राहायचं आहे त्याला गप्प राहू द्यायचं. काही घरांत ही आठवण अभिमानाची असते, काही घरांत ती अजून भळभळते. तो मुलगा पंधरा दिवसांनी आपणहून आला. त्याच्या आजोबांनी सांगितलं होतं की त्यांच्या वडिलांना परगावी लग्नाला जायचं तरी पाटलाचा दाखला घ्यावा लागायचा. त्यानं ते वर्गात सांगितलं नाही, मला एकटीला सांगितलं. मी ते वहीत नोंदवलं, त्याच्या परवानगीनं, नाव न घालता.

दुष्काळात फकिरा धान्य लुटून उपाशी माणसांना वाटतो, त्या प्रकरणानंतर मी मुलांना एकच घटना चार जणांच्या बाजूनं लिहायला लावते. पोलीस पाटलाचा वरिष्ठांना अहवाल. लुटीत सामील असलेल्या माणसाचं बोलणं. ज्या बाईच्या पदरात ते धान्य पडलं तिचं बोलणं. आणि ज्याचं कोठार फुटलं त्या मालकाची तक्रार. ही चौथी बाजू महत्त्वाची आहे, ती गाळायची नाही. एका वर्षी वाण्याच्या दुकानातल्या मुलानं मालकाची तक्रार इतकी मनापासून लिहिली की वर्गात दोन तट पडले. तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की लूट ती लूट. मी त्याला चूक म्हटलं नाही. अहवालातला 'दरोडेखोर' आणि कादंबरीतला फकिरा हा एकच माणूस आहे, आणि दोन्ही ठिकाणी त्याच्याबद्दल लिहिणाऱ्याला काहीतरी हवं आहे, एवढं सगळ्यांना कळलं होतं.

आता मुख्य आक्षेप: कादंबरी खरी नसते. खरंच नसते. कादंबरीतले विष्णुपंत कुलकर्णी फकिराशी जे बोलतात ते कोणी टिपून ठेवलेलं नाही. अण्णा भाऊ मुंबईच्या कामगार चळवळीत घडलेले शाहीर होते, लाल बावट्याखाली गायलेले. भूक लागलेल्याला धान्यावर हक्क आहे हे मनाशी पक्कं करूनच त्यांनी लेखणी उचलली होती, आणि त्यांचा फकिरा साध्या माणसापेक्षा हातभर उंच आहे. हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते. आमच्या वर्गाचा नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो: कादंबरीतून तारीख घ्यायची नाही. तारीख, कायदा, आकडा हे कागदातून. कादंबरीतून घ्यायचं ते कायदा अंगावर आला तेव्हा माणसाला कसं वाटलं असेल, आणि त्यातलंही किती लेखकाचं आणि किती त्या माणसाचं, हे चाचपडून बघायचं. 'इथं लेखक मध्ये आला' अशी खूण मुलं समासात पेन्सिलीनं करतात. वर्षाअखेर ती सवय इतकी अंगी भिनते की पाठ्यपुस्तकाच्या समासातही तीच खूण दिसायला लागते. हेच मूल उद्या मोबाइलवर कोणा शूर सरदाराची अर्धी खरी अर्धी रचलेली चित्रफीत बघेल, तेव्हा त्याच्या हातात पेन्सिल नसेल, पण सवय असेल. राजेरजवाड्यांच्या कादंबऱ्यांनी जे नुकसान केलं म्हणतात, ते कादंबरीनं केलेलं नाही. वाचायला न शिकवल्यानं ते झालं.

'बनगरवाडी'बद्दल थोडक्यात सांगते, कारण ती वाचायला सोपी आहे आणि सगळीकडे जमेल. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, कादंबरी १९५५ सालची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर एक पोरसवदा मास्तर येतो, शाळा चालवतो, तालीम बांधून घेतो, आणि शेवटी दुष्काळात वस्तीच उठून जाते. मेंढरं घेऊन चार महिने बाहेर असणाऱ्या घरांतली मुलं आमच्याकडे आहेत. त्यांना या पुस्तकातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. तीच इतरांना सांगतात, मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळी, कशी लावतात, कुत्री का पाळतात. वर्गात त्यांचा शब्द पहिल्यांदा चालतो. मी याला जोडून १९४० चा आमच्या भागाचा नकाशा काढायला लावते. इंग्रजांचा सातारा जिल्हा, मध्येच औंधचे तुकडे, सांगली आणि मिरजेची संस्थानं, पूर्वेला जत. आज एका जिल्ह्यात असलेली गावं तेव्हा चार-पाच सरकारांखाली होती. १९३९ साली औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं प्रजेच्या हाती कारभार दिला होता, आणि कुंडल औंधात होतं. नकाशा रंगवता रंगवता मुलांना आपोआप दिसतं की भूमिगत माणसाला इंग्रजी हद्दीतून संस्थानी हद्दीत पाऊल टाकणं किती सोयीचं असेल. कादंबरीपासून सुरू झालेला तास असा परत पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदाशी येऊन थांबतो, आणि तो परिच्छेद आता मुलांना वाचता येतो.

वेळेचा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. दहावीला हा प्रयोग करा असं मी म्हणत नाही. तिथं इतिहास-राज्यशास्त्राच्या चाळीस गुणांचा धाक असतो. आठवी-नववीत वर्षाला चौदा-पंधरा तास काढता येतात. त्यातले निम्मे मराठीच्या शिक्षकांनी द्यावेत, कारण पुस्तक त्यांचंही आहे. एक अट मात्र मी हट्टानं घालते: या वाचनावर परीक्षेत प्रश्न नको. 'फकिराच्या आईचे नाव लिहा' असा एक गुणाचा प्रश्न आला की गाईड आलं, गाईड आलं की कादंबरी गेली.

एक पालक मला म्हणाले होते, "मॅडम, जुनं कशाला उकरता? पोरं एका बाकावर बसत्यात, बसू द्या की." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. वर्गात जातीची नावं उच्चारायची म्हणजे विस्तव हाताळायचा, हे मला त्या चौथ्या ओळीला थांबलेल्या मुलानं शिकवलं आहे. पण बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेत १९०० साली नाव घातलं, म्हणून ७ नोव्हेंबरला आपण राज्यभर विद्यार्थी दिवस पाळतो. त्याच्या पुढच्याच वर्षी, साधारण नऊ वर्षांचे असताना, ते भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे जायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली, ती त्या मुलांनी स्वतः हाकली, आणि रात्रभर त्यांना कोणी पाणी दिलं नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. दिवस साजरा करायचा आणि मसूरची रात्र सांगायची नाही, हे मला पटत नाही. एका बाकावर बसलेल्या मुलांना, तो बाक एक कसा झाला हे माहीत असलं पाहिजे.

माझ्या पद्धतीत एक मोठी उणीव आहे, ती लपवत नाही. या कादंबऱ्या बहुतेक पुरुषांनी लिहिलेल्या आहेत. 'फकिरा'तली राधा खंबीर आहे, पण ती आईच आहे. तिचा स्वतःचा दिवस पुस्तकात नाही. भाकऱ्यांच्या बुट्टीवर अख्खी कादंबरी मी वाचलेली नाही. म्हणून तिथं मी जात्यावरच्या ओव्यांकडे वळते, आणि मुलींना आज्यांकडे पाठवते. धरणग्रस्तांसाठी विश्वास पाटलांची १९९१ सालची 'झाडाझडती' आहे. ती मोठी आहे, निवडक प्रकरणं वाचावी लागतात. कोयनेनं आणि पुढं चांदोलीनं उठवलेल्या माणसांच्या वसाहती आमच्या भागात आहेत, आणि त्या वसाहतीतलं मूल वर्गात असलं की पुस्तकापेक्षा तेच जास्त बोलतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सांगणारे लोक अजून आहेत. १९८२ च्या गिरणी संपात गावी परत आलेले लोकही आहेत. साताऱ्याच्या डोंगरी गावांत मनीऑर्डर बंद झाली म्हणजे काय झालं, हे त्यांनाच विचारायला हवं. माझ्या मुलांची नोंदवही आता तिसरी चालू आहे. त्यातल्या प्रत्येक नोंदीखाली कोणी, कोणाला, कधी विचारलं हे लिहिलेलं असतं आणि 'पडताळून पाहिलं का' असा एक रकाना असतो. तो रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. रिकामा राहिला तरी तो आखलेला असलाच पाहिजे.

प्रती हीच खरी अडचण. वर्गात बेचाळीस मुलं, शाळेत 'फकिरा'च्या पाच प्रती; त्यातली एक माझी. अण्णा भाऊंचं निधन १९६९ सालच्या जुलैत झालं, म्हणजे आपल्या कायद्याप्रमाणे २०३० च्या जानेवारीपासून त्यांची पुस्तकं कोणालाही छापता येतील. पण तोवर थांबायचं कारण नाही. जिल्हा परिषदेनं आणि शिक्षण संस्थांनी आजच्या किमतीत प्रत्येक माध्यमिक शाळेला वीस प्रती दिल्या तर दोन मुलांत एक पुस्तक पुरतं. रयत शिक्षण संस्थेचा जन्म १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात झाला. रयतेच्या मुलांना शाळा देणारा हा भाग रयतेचा इतिहास शाळेत आणायलाही पुढं यावा, ही माझी मागणी आहे.

दर वर्षी १ ऑगस्टला आमच्याकडे दोन फोटोंना हार घालतात. लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती एकाच दिवशी येते, सालही दोघांचं एकच, १९२०. प्रभातफेरी निघते. चार मुलं पाठ केलेली भाषणं म्हणतात, त्यांत 'फकिरा' हे नाव हमखास येतं, आणि बोलणाऱ्यानं ते पुस्तक हातात धरलेलं नसतं, कारण ते ग्रंथालयाच्या कपाटात कुलपात असतं. येत्या १ ऑगस्टला आमच्या शाळेत भाषणं होणार नाहीत. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. हार घातल्यावर पहिले दोन तास आठवी-नववीच्या चारही तुकड्यांत कादंबरीची पहिली प्रकरणं मोठ्यानं वाचली जातील, आणि त्या मुलीची पणजी आता नसली तरी तिची आजी येते म्हणाली आहे, ऐकायला.